हॅब्सबर्गांना लग्नांनी नक्की काय मिळाले, आणि राज्य कशाने मिळाले?

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला, हॅब्सबर्ग घराण्याने लढाया न करता केवळ सोयरिकी जुळवून अर्धा युरोप मिळवला, हे खरे का? दुसरा, एवढे धोरणी लोक पुढे नात्यातच लग्ने करून आपला वंश कसे बुडवून बसले, त्यांना धोका कळत नव्हता का? मी महाविद्यालयात युरोपचा इतिहास शिकवतो. वर्गातही हे दोन प्रश्न बहुतेक याच क्रमाने येतात, आणि मुले त्यांची उत्तरे वेगवेगळी शोधतात. माझ्या मते ती एकत्रच शोधायला हवीत. ज्या कारणाने सोळाव्या शतकात त्यांचे राज्य वाढले, त्याच कारणाच्या भीतीने सतराव्या शतकात त्यांनी नात्याबाहेर पडणे जवळजवळ बंद केले.

"युद्धे इतरांना करू दे, भाग्यवान ऑस्ट्रिया, तू लग्ने कर" अशी एक लॅटिन ओळ या घराण्याबद्दल फार प्रसिद्ध आहे. तुम्ही ऐकलेली गोष्ट तिच्यातूनच आली आहे. ओळ छान आहे, पण तिच्यात एक मोठी गोष्ट गाळलेली आहे. लग्नाने राज्य मिळत नव्हते, मिळत होता तो दावा. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागणे वेगळे आणि जमिनीचा ताबा मिळणे वेगळे, हे गावातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तसेच हे होते. म्हणून वंशावळीचा अभ्यास करताना मी प्रत्येक लग्नाखाली तीन गोष्टी लिहायला लावतो. या लग्नाने कशावर दावा आला? तो दावा फळायला आधी कोण कोण मरावे लागले? आणि ताबा घेताना कोण आडवे आले, त्याला कशाने हटवले? तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलात की "लढाया न करता" हे शब्द आपोआप गळून पडतात.

आता एक गोष्ट आधीच मान्य करतो. कुठे लग्न उपयोगी पडेल हे त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून होते. स्पेनमधल्या कॅस्टिल राज्यात मुलगी राणी होऊ शकत होती, नेदरलँड्सच्या परगण्यांतही मुलीकडे वारसा जात होता. फ्रान्समध्ये मात्र चौदाव्या शतकापासून मुलीला गादी नाही आणि मुलीच्या मुलालाही नाही असे ठरले होते. त्यामुळे फ्रान्सच्या कितीही राजकन्या सून म्हणून आणल्या तरी फ्रान्स मिळणार नव्हता. उलट फ्रान्सच्या राजाने बाहेरची राजकन्या केली तर तिच्या माहेरावर दावा मात्र येऊ शकत होता. हा एकतर्फी हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) आणि हंगेरीत तिथल्या सरदारांच्या सभा राजा निवडण्याचा हक्क सांगत. पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांच्या सैल संघाचा, सम्राट तर सात जणांच्या मतांनी निवडला जाई. तिथे लग्नाचा उपयोग फारच थोडा.

सुरुवातीला या घराण्याला लग्नांनी फारसे काही दिलेले नाही. आजच्या स्वित्झर्लंडमधल्या आरगाउ भागात त्यांचा मूळ किल्ला होता. १२७३ मध्ये रुडॉल्फची जर्मनीचा राजा म्हणून निवड झाली. १२७८ मध्ये त्याने बोहेमियाचा राजा ओटोकार याला रणांगणात हरवले, ओटोकार तिथेच मारला गेला, आणि १२८२ मध्ये रुडॉल्फने ऑस्ट्रिया व श्टायरमार्क आपल्या मुलांना दिले. म्हणजे ज्या ऑस्ट्रियाला "लग्ने कर" असे सांगितले जाते तो ऑस्ट्रियाच लढाईत मिळालेला होता. मूळ गावाकडचा मुलूख तर ते गमावत गेले. १३१५ मध्ये मोरगार्टेनला आणि १३८६ मध्ये झेम्पाखला स्विस लोकांनी त्यांना सडकून मार दिला. मधल्या काळात, १३५८-५९ च्या सुमारास, रुडॉल्फ चौथा याने चक्क खोटी सनद तयार करवली. सम्राट निवडणाऱ्या सात जणांत ऑस्ट्रियाचे नाव नव्हते, तो अपमान भरून काढायला ज्युलियस सीझर आणि नीरो यांच्या नावाची पत्रेसुद्धा त्यात घातली. कवी पेत्रार्कने ती पत्रे बनावट असल्याचे तेव्हाच सांगितले होते. पण १४५३ मध्ये याच घराण्यातल्या सम्राट फ्रेडरिक तिसरा याने त्या सनदेवर अधिकृत शिक्का मारला.

खरी लग्नाची गोष्ट सुरू होते १४७७ मध्ये. बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स जानेवारीत नान्सीच्या लढाईत पडला. त्याला मुलगा नव्हता, एकोणीस वर्षांची एकुलती मुलगी होती, मेरी. फ्लँडर्स, ब्राबांट, हॉलंड असे त्या काळच्या युरोपातले अतिशय श्रीमंत प्रांत तिच्याकडे आले. फ्रान्सच्या अकराव्या लुईने लगेच खुद्द बर्गंडी आणि आसपासचा मुलूख घशात घातला. ऑगस्टमध्ये गेंट शहरात मेरीचे फ्रेडरिकच्या मुलाशी, मॅक्सिमिलियनशी, लग्न झाले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. लग्न झाले म्हणून सुख लागले नाही. १४७९ मध्ये त्याला गिनगाटला फ्रेंचांशी लढावे लागले. १४८२ मध्ये मेरी घोड्यावरून पडून मेली आणि तिथल्या शहरांनी सांगितले की वारस तिचा लहान मुलगा फिलिप आहे, त्याचा बाप नाही. १४८८ मध्ये ब्रुजच्या नागरिकांनी मॅक्सिमिलियनला काही महिने चक्क कैदेत ठेवले. फ्रान्सबरोबर तह व्हायला १४९३ उजाडले, आणि मूळचे बर्गंडी फ्रेंचांकडेच राहिले. एका लग्नानंतर सोळा वर्षांची झुंज, आणि हाती आला तो दाव्यातला मोठा पण अपुरा भाग.

ताकद नसेल तर लग्नाचे काय होते हेही मॅक्सिमिलियनच्याच आयुष्यात दिसते. १४९० मध्ये त्याने ब्रिटनीची (आजच्या फ्रान्सच्या पश्चिम टोकाला तेव्हा असलेल्या वेगळ्या राज्याची) वारस अॅन हिच्याशी प्रतिनिधीमार्फत लग्न लावले. त्या वेळी वर दूर असला तर त्याच्या वतीने दुसरा माणूस उभा राहत असे आणि चर्चच्या दृष्टीने ते पक्के धरले जाई. पण ब्रिटनीत पाठवायला त्याच्याकडे फौज नव्हती. फ्रान्सचा आठवा चार्ल्स सैन्य घेऊन गेला, आणि १४९१ च्या डिसेंबरात अॅन फ्रान्सची राणी झाली. यातली आणखी बोचरी गोष्ट अशी की हा चार्ल्स मॅक्सिमिलियनच्या मुलीचा, मार्गारेटचा, ठरलेला नवरा होता. तिला लहानपणीच फ्रान्सला नेऊन वाढवले होते आणि नंतर परत पाठवले. बायको आणि जावई दोन्ही एकाच माणसाने हिरावले. फसलेल्या लग्नांची यादी कोणी पाठ करत नाही, म्हणून फक्त जमलेली लग्ने आठवतात आणि घराणे जादूगार वाटू लागते.

आता स्पेन. इथे मी थोडा थांबणार आहे, कारण सगळे रहस्य इथे आहे.

अॅरागॉनचा फर्डिनांड आणि कॅस्टिलची इसाबेला यांना पाच अपत्ये जगली होती: इसाबेला, हुआन, हुआना, मारिया आणि कॅथरिन. फ्रान्सला दोन्ही बाजूंनी घेरायचे म्हणून त्यांनी मॅक्सिमिलियनशी साटेलोटे केले. त्यांची हुआना मॅक्सिमिलियनच्या फिलिपला, १४९६ मध्ये; आणि मॅक्सिमिलियनची मार्गारेट (हो, फ्रान्सहून परत आलेली तीच) त्यांच्या हुआनला, १४९७ मध्ये. नीट पाहा, या व्यवहारात दोन्ही बाजू सारख्याच होत्या. फिलिप निपुत्रिक मेला असता आणि मार्गारेट-हुआन यांना मूल झाले असते तर नेदरलँड्सवरचा दावा स्पेनच्या घराण्याकडे गेला असता, आणि आज आपण फर्डिनांड-इसाबेलाच्या कुळाच्या चतुराईबद्दल बोलत असतो. हुआनाला स्पेन मिळावे असा कोणाचाच बेत नव्हता. वारसाहक्कात ती तिसरी होती.

मग मृत्यूंची रांग लागली. १४९७ च्या ऑक्टोबरात, लग्नाला सहा-सात महिने होतात न होतात तोच, एकोणीस वर्षांचा हुआन गेला. मार्गारेटचे बाळ मृत जन्मले. वारसा थोरल्या इसाबेलाकडे आला, ती पोर्तुगालची राणी होती. १४९८ मध्ये ती बाळंतपणात मेली. तिचे बाळ मिगेल जगले, आणि कॅस्टिल, अॅरागॉन आणि पोर्तुगाल या तिन्ही राज्यांचा तो एकटा वारस ठरला. तो जगता तर आयबेरियाचा इतिहास वेगळा असता. १५०० च्या जुलैमध्ये, दोन वर्षांचा होण्याआधी, तोही गेला. म्हणजे तीन वर्षांच्या आत तीन वारस. तेव्हा कुठे हुआना वारस झाली, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत गेंटमध्ये जन्मलेला तिचा मुलगा चार्ल्स एकाएकी युरोपातला सर्वांत मोठा वारस झाला.

एवढ्यावरही संपले नाही. १५०४ मध्ये राणी इसाबेला वारली, १५०६ मध्ये हुआनाचा नवरा फिलिप वारला, आणि तिचा बाप फर्डिनांड याने जर्मेन नावाच्या फ्रेंच मुलीशी दुसरे लग्न केले. १५०९ मध्ये त्यांना मुलगा झाला. तो वाचता तर अॅरागॉन आणि त्याबरोबर नेपल्स-सिसिली हॅब्सबर्गांच्या हातून गेलेच होते. ते बाळ काही तासच जगले. हुआनाला तोर्देसियासच्या वाड्यात डांबून ठेवण्यात आले आणि १५५५ पर्यंत, मरेपर्यंत, ती तिथेच राहिली. तिला वेड लागले होते की तिच्या बापाला, नवऱ्याला आणि मुलाला तिचे वेड सोयीचे होते, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. मला दुसरी बाजू अधिक पटते, कारण तिच्या नावाने राज्य चालवण्यात या तिघांचाही फायदा होता. १५१६ मध्ये फर्डिनांड मेल्यावर सोळा वर्षांचा चार्ल्स स्पेनचा राजा झाला. तो तिथे परका होता, सोबत फ्लँडर्सचे सल्लागार घेऊन आला होता, आणि १५२० मध्ये कॅस्टिलच्या शहरांनी त्याच्याविरुद्ध उठाव केला. तो १५२१ मध्ये लष्करी बळाने मोडावा लागला. ताबा घेण्याची तिसरी ओळ इथेही आहेच.

सम्राटपद तर सरळ पैशाने आले. १५१९ च्या निवडणुकीत फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस उमेदवार होता. चार्ल्सच्या बाजूने सुमारे साडेआठ लाख फ्लोरिन खर्च झाले आणि त्यातला निम्म्याहून अधिक पैसा ऑग्सबर्गच्या याकोब फुगर या सावकाराचा होता. १५२३ मध्ये फुगरने सम्राटाला पत्र लिहून सरळ आठवण करून दिली की माझ्या मदतीशिवाय आपल्याला हा मुकुट मिळाला नसता.

पूर्वेकडची गोष्ट थोडक्यात. १५१५ च्या जुलैमध्ये व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चमध्ये दुहेरी लग्न लागले. हंगेरी-बोहेमियाचा नऊ वर्षांचा राजपुत्र लायोश आणि मॅक्सिमिलियनची नात मेरी हे एक जोडपे. लायोशची बारा वर्षांची बहीण अॅना हिच्या शेजारी छप्पन वर्षांचा मॅक्सिमिलियन स्वतः उभा राहिला, पुढे आपल्या एका नातवाशी तिचे लग्न होईल या बोलीवर. तो नातू चार्ल्सचा धाकटा भाऊ फर्डिनांड ठरला. १५२६ च्या २९ ऑगस्टला मोहाचच्या लढाईत तुर्कांच्या सुलतान सुलेमानने हंगेरीची फौज धुळीला मिळवली आणि पळताना वीस वर्षांचा लायोश मेला. मूल नव्हते. बोहेमियाच्या सभेने अॅनाचा वारसाहक्क मान्य केलाच नाही, त्यांनी फर्डिनांडला निवडून राजा केले. हंगेरीत सरदारांच्या एका गटाने यानोश झापोल्याला राजा केले, दुसऱ्याने फर्डिनांडला. १५४१ मध्ये तुर्कांनी हंगेरीची राजधानी बुदा घेतली. ते शहर १६८६ मध्ये परत मिळाले, आणि हंगेरीचा बहुतेक भाग तहाने पदरात पडला तो १६९९ मध्ये. १५१५ च्या मांडवापासून मोजले तर १८४ वर्षे झाली, आणि मधे १५२९ आणि १६८३ असे दोनदा तुर्क व्हिएन्नाच्या वेशीवर येऊन गेले.

तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: लग्ने सगळेच करत होते. हॅब्सबर्गांचे वेगळेपण हे की नेमक्या त्या पन्नास वर्षांत समोरच्यांची मुले मेली आणि यांची जगली, आणि दावा आल्यावर तो सोडायचा नाही एवढी चिकाटी त्यांच्यात होती. पहिला भाग नशिबाचा, दुसरा त्यांचा.

यातला एक धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो, म्हणून सांगतो. चार्ल्सची बायको इसाबेला पोर्तुगालची राजकन्या होती. १५७८ मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन मोरोक्कोतल्या लढाईत पडला, त्याच्यामागून आलेला म्हातारा कार्डिनल राजा १५८० मध्ये वारला, आणि चार्ल्सचा मुलगा दुसरा फिलिप याने आईच्या नात्याने गादी मागितली. मागितली म्हणजे ड्यूक ऑफ आल्बाला फौज देऊन पाठवले, आणि लिस्बनजवळ आल्कांतराला लढाई जिंकली. तेव्हापासून १६४० पर्यंत गोवा, वसई, चौल, मुंबई या सगळ्यांचा राजा हॅब्सबर्ग होता. डच तेव्हा स्पेनशी लढत होते, त्यामुळे पोर्तुगीजांची आशियातली ठाणीही त्यांच्या तोफांपुढे आली. १६४० मध्ये ब्रागांझा घराण्याने पोर्तुगाल फोडून घेतले, पण स्पेनशी युद्ध १६६८ पर्यंत चालले. त्या युद्धात इंग्लंडची मदत हवी म्हणून १६६१ च्या करारात कॅथरिन ऑफ ब्रागांझाबरोबर मुंबई आंदण दिली. मुंबई इंग्रजांना का मिळाली, या शाळेतल्या प्रश्नाचे "लग्नात आंदण" हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे माद्रिदमध्ये आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. १५५५-५६ मध्ये हुआनाचा मुलगा चार्ल्स, म्हणजे सम्राट चार्ल्स पाचवा, याने सत्ता सोडली तेव्हा घराणे दुभंगले. स्पेन, नेदरलँड्स, इटलीतला मुलूख आणि अमेरिका मुलगा फिलिपकडे. ऑस्ट्रिया, बोहेमिया, हंगेरी आणि सम्राटपद भाऊ फर्डिनांडकडे. आता स्वतःला त्यांच्या जागी ठेवून पाहा. तुम्हाला तुमचे साम्राज्य मिळाले ते एका परक्या घरात दिलेल्या मुलीमुळे, हुआनामुळे. मग तुमची मुलगी बाहेर दिली आणि तुमची मुले मेली, तर तुमचे सगळे दुसऱ्याच्या घरात जाणार हे तुमच्याइतके कोणाला कळणार? धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट घराणी बाद झाली. फ्रान्स वैरी. आपल्या तोलाचे, कॅथलिक आणि विश्वासाचे असे एकच घर उरले, ते म्हणजे चुलत्याचे. माद्रिदची मुलगी व्हिएन्नाला आणि व्हिएन्नाची माद्रिदला दिली की कोणाचाही वंश खुंटला तरी राज्य कुटुंबात राहणार. त्यांच्या दृष्टीने हा विचार पूर्ण शहाणपणाचा होता.

त्याचे परिणाम मात्र पिढीगणिक साठत गेले. फिलिपचे पहिले लग्न पोर्तुगालच्या मारिया मनुएलाशी झाले. फिलिपचा बाप आणि तिची आई सख्खी भावंडे, आणि फिलिपची आई आणि तिचा बाप हीही सख्खी भावंडे. म्हणजे एका बाजूने मावशीची... नाही, नाती सांगण्यापेक्षा मोजून दाखवतो. सर्वसाधारण माणसाला आठ पणजोबा-पणज्या असतात. फिलिपचा मुलगा डॉन कार्लोस याला चारच होते. त्याच्या वरच्या पिढीत सोळा हवेत, तिथे सहा. त्याच्या जन्मानंतर चारच दिवसांत आई गेली. तो बापाच्या कैदेत १५६८ मध्ये मेला. वारस हवा म्हणून फिलिपने १५७० मध्ये सख्ख्या बहिणीच्या मुलीशी, अॅनाशी, लग्न केले. पोप पाचवा पायस याची या मामा-भाचीच्या लग्नाला नाराजी होती, शेवटी परवानगी मिळाली. पाच मुले झाली, त्यांतला एकच मोठा झाला: तिसरा फिलिप.

त्याचा मुलगा चौथा फिलिप. त्याचा वारस बाल्तासार कार्लोस याचे लग्न व्हिएन्नाच्या मारियानाशी ठरले होते. ती चौथ्या फिलिपच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. १६४६ मध्ये सोळा वर्षांचा बाल्तासार मेला. चौथ्या फिलिपची बायकोही आधीच वारली होती. १६४९ मध्ये त्याने मुलासाठी ठरवलेल्या त्या भाचीशी स्वतःच लग्न केले. तो चव्वेचाळीस वर्षांचा, ती चौदा. या लग्नातून जन्मलेल्या मुलांची आत्याच त्यांची आजी होती, आणि आई त्यांची आतेबहीणही होती.

व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयात वेलास्केझने रंगवलेली या मुलांची चित्रे आहेत. थोरली मार्गारीता तिथे तीनदा दिसते: दोन-तीन वर्षांची गुलाबी झग्यात, पाच वर्षांची पांढऱ्या झग्यात, आठ वर्षांची निळ्या झग्यात. ही चित्रे व्हिएन्नात का, असे लोक विचारतात. तिचे लग्न सम्राट लिओपोल्डशी व्हायचे होते. तो तिचा सख्खा मामाही होता आणि आतेभाऊही. मुलगी कशी वाढते आहे हे सासरच्यांना दाखवायला चित्रे पाठवली जात होती. १६६६ मध्ये पंधराव्या वर्षी ती तिथे नांदायला गेली आणि एकविसाव्या वर्षी वारली. त्याच संग्रहालयात तिच्या लहान भावाचे, फेलिपे प्रोस्पेरोचे, १६५९ चे चित्र आहे. फिकट चेहऱ्याचे दोन वर्षांचे पोर, एक हात खुर्चीच्या पाठीवर, आणि झग्यावर लटकवलेले ताईत आणि छोटी घंटा, दृष्ट लागू नये म्हणून. १ नोव्हेंबर १६६१ रोजी तो गेला. पाच दिवसांनी त्याचा भाऊ जन्मला, तोच स्पेनचा शेवटचा हॅब्सबर्ग राजा दुसरा चार्ल्स.

त्यांना कळत नव्हते का, याचे उत्तर मला त्या ताइतांत दिसते. मुले जगत नाहीत हे त्यांना ठाऊक होते आणि त्याची धास्तीही होती. पण मुले सगळ्यांचीच मरत होती, शेतकऱ्यांची आणि परक्या राजांचीही. कारण म्हणून देवाची इच्छा, दृष्ट, चेटूक असे काहीही पुढे येई. जवळच्या नात्यात लग्न नको हा चर्चचा नियम होता, पण तो पापपुण्याचा होता आणि पोपची परवानगी घेतली की मिटत होता. आनुवंशिकतेचे नियम ग्रेगोर मेंडेलने मांडले ते १८६५-६६ मध्ये, आणि तेही हॅब्सबर्गांच्याच राज्यातल्या ब्रनो शहरातल्या मठात. दोनशे वर्षे आधीच्या राजांना ते ज्ञान नव्हते म्हणून मूर्ख ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

आज हिशोब मांडता येतो. स्पेनमधल्या सांतियागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये या घराण्याची सोळा पिढ्यांची वंशावळ घेऊन अंतःप्रजननाचा गुणांक, म्हणजे आईबाप एकमेकांचे किती जवळचे नातलग याचे माप, काढला. सख्ख्या बहीण-भावांना मूल झाले तर तो ०.२५ येतो. दुसऱ्या चार्ल्सचा ०.२५४ आला. घराण्याचा स्पेनमधला पहिला पुरुष फिलिप, हुआनाचा नवरा, याचा ०.०२५ होता, म्हणजे दीड-पावणेदोनशे वर्षांत दहापट. १५२७ ते १६६१ या काळात स्पेनच्या राजघराण्यात ३४ मुले जन्मली आणि त्यांतली निम्मी दहा वर्षांची होण्याआधी गेली. चार्ल्स उशिरा बोलायला आणि चालायला लागला, आयुष्यभर आजारी राहिला, दोन लग्ने करूनही त्याला मूल झाले नाही. तरी इथे जरा जपून. त्याला नक्की कोणते आजार होते याबद्दल संशोधक तर्कच करतात, आणि एका आकड्यावरून एका माणसाचे सगळे दुखणे सांगता येत नाही. प्रसिद्ध पुढे आलेला जबडा तर मॅक्सिमिलियनलाही होता, नात्यातली लग्ने एवढी वाढण्याच्या कितीतरी आधी.

आणि वंश खुंटल्यावर काय झाले ते पाहा. १ नोव्हेंबर १७०० रोजी चार्ल्स वारला. दावेदार दोन घरांचे, फ्रान्सचा चौदावा लुई आणि सम्राट लिओपोल्ड. दोघांच्या आया तिसऱ्या फिलिपच्या मुली, आणि दोघांनीही चौथ्या फिलिपच्या मुलीशी लग्न केलेले. लुईची बायको मारिया तेरेसा १६६० मध्ये, तह पक्का करायला म्हणून, नाइलाजाने फ्रान्सला दिली होती. तिने स्पेनच्या गादीवरचा हक्क सोडल्याचे लिहून दिले होते, पण त्या बदल्यात ठरलेला पाच लाख सोन्याच्या एस्कुदोंचा हुंडा स्पेनने कधी दिलाच नाही, आणि लुईचे वकील म्हणत की हुंडा नाही तर हक्कसोडही नाही. दोघांना टाळून मधला मार्ग म्हणून मार्गारीताचा नातू, बव्हेरियाचा छोटा योसेफ फर्डिनांड, याला वारस ठरवले होते. तो १६९९ मध्ये सहा वर्षांचा असताना गेला. मग चार्ल्सच्या मृत्युपत्राने लुईचा नातू फिलिप स्पेनचा राजा झाला. शंभर-सव्वाशे वर्षे नात्यात लग्ने करून जी वाट बंद ठेवली होती, ती बाहेर दिलेल्या एका मुलीच्या दाव्याने उघडली. त्यावरून १७०१ ते १७१४ युद्ध झाले, आणि शेवटी स्पेनची गादी बूर्बों घराण्याकडे गेली.

तुम्ही "वंश बुडवला" असे लिहिले आहे, ते स्पेनच्या शाखेपुरते खरे. ऑस्ट्रियाची शाखा पुरुषवंशात १७४० मध्ये संपली, आणि तिथे कारण नात्यातले लग्न असे म्हणता येत नाही. तिथला शेवटचा पुरुष, सम्राट सहावा चार्ल्स, याची बायको ब्रन्सविकच्या घराण्यातली होती, त्यांचा मुलगा १७१६ मध्ये तान्हा असतानाच वारला आणि मुलीच जगल्या. मुलीला राज्य मिळावे म्हणून त्याने १७१३ मध्येच फर्मान काढले होते आणि पुढे वर्षानुवर्षे एकेका राजाकडून त्याला मान्यता मिळवली. तो ऑक्टोबरात मेला, डिसेंबरात प्रशियाच्या फ्रेडरिकने सायलेशियात सैन्य घुसवले. बव्हेरियाच्या सत्ताधीशाने, जो चार्ल्सच्या थोरल्या भावाचा जावई होता, स्वतःचा दावा लावला आणि तीन वर्षे सम्राटपदही मिळवले. सहाव्या चार्ल्सची तेवीस वर्षांची मुलगी मारिया तेरेसा (लुईच्या बायकोचेच नाव, पण ही वेगळी) आठ वर्षे लढली, सायलेशिया गेले, बाकीचे बहुतेक तिने राखले. तिचा नवरा लोरेनचा फ्रान्सिस, मुले सोळा. पुढचे सगळे "हॅब्सबर्ग-लोरेन". ते १९१८ पर्यंत राज्यावर होते आणि त्यांचे वंशज आजही आहेत.

स्वतः वंशावळ काढून पाहणार असाल तर रुडॉल्फपासून सुरू करू नका, नावांच्या गर्दीत हरवाल. मोठा कागद घ्या, वर फर्डिनांड-इसाबेलाची पाच अपत्ये लिहा आणि खाली दुसऱ्या चार्ल्सपर्यंत या. जन्मसालापेक्षा मृत्यूचे साल ठळक लिहा, कारण वारसा मृत्यूने सरकतो. आणि एकच माणूस दोन ठिकाणी आला तर त्याचे नाव पुन्हा लिहू नका, दोन्हीकडून रेघा ओढून त्याच एका नावाला जोडा. सोळाव्या शतकात रेघा बाहेर पसरतात, सतराव्यात आत वळतात. कुठे अडलात तर त्या जोडप्याचे नाव लिहून विचारा, नाते उलगडून सांगतो.